माणसाळलेली टोळी

वानरं तिच्या डोक्यावर मुतली, त्या दिवशी बाबांनी केंद्रातल्या सगळ्यांना स्वतःच्या हाताने चहा करून पाजला. चहा भयंकर झाला होता, पण तसं कुणी बोललं नाही. गोष्टच तशी घडली होती. इतकी वर्षं माणसाची चाहूल लागली की ही टोळी फांद्या मोडत पसार व्हायची. आणि त्या सकाळी टोळीतली सगळ्यात मोठी मादी तिच्या बरोब्बर वरच्या फांदीवर येऊन बसली, खाली एकदा बघितलं, आणि खाली माणूस नसून झाडाचं खोड असावं अशा थाटात मोकळी झाली.

"आता आपण त्यांच्या खिजगणतीतही नाही," बाबा म्हणाले. "यापेक्षा मोठा मान कुठे मिळणार?"

बाबा वानरांचे अभ्यासक. डोंगराच्या कुशीत पत्र्याच्या छपराच्या तीन खोल्या, पुढे पडवी आणि मागे धुराने काळं झालेलं स्वयंपाकघर, एवढं त्यांचं संशोधन केंद्र. जंगल बारा महिने हिरवं आणि ओलं. कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी यायची. ती त्यांची मुलगी, त्यांच्या मागोमाग याच कामात आली आणि तिथेच राहिली. आता ती चाळिशीला टेकली होती. सगळे तिला बाई म्हणत.

रानातलं जनावर माणसाळवायचं म्हणजे काय करायचं, तर काहीच करायचं नाही. रोज तोच विटका हिरवा सदरा घालायचा, त्याच वाटेने जायचं, झाडाखाली बसायचं. डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही. बोट दाखवायचं नाही. हसायचं नाही, कारण वानराला दात दिसले की ती धमकी वाटते. मधूनमधून एखादं पान तोडून चघळल्यासारखं करायचं. एकदा तिने सोंग वठवण्याच्या भरात पान खरंच गिळलं आणि दिवसभर पोट धरून बसली. तिच्यासोबत रानात जाणारे मामा त्यावरून तिला पुढे कित्येक वर्षं चिडवत होते. मामा म्हणजे रानातल्या वाटा दाखवायला ठेवलेला माणूस. लहानथोर सगळ्यांचेच मामा. त्यांना गुडघेदुखी होती, विड्यांचं व्यसन होतं, आणि रानात बसल्या बसल्या डुलकी काढायची अजब हातोटी होती.

टोळी एकदा माणसाळली आणि मग मात्र सगळं उघडं झालं. कोण कुणाच्या अंगातल्या उवा वेचतं, कुणाचं पिल्लू कोण सांभाळतं, कोरड्या दिवसांत फळं संपली की कुठल्या झाडाच्या कोवळ्या पालवीवर दिवस काढतात. कागदावर प्रत्येकाला आकडा होता, पण तोंडात बसली ती नावं वेगळी. डोक्यावर मुतली ती थोरली. तिची बहीण फेंगडी. कान फाटलेली, सतत कुणाच्या तरी अंगावर धावणारी ती चिडकी. आणि नुसतं बसून राहणारा मोठा नर, सरदार. त्यांच्या हाका बाबांना पाठ होत्या. बिबट्या दिसला की खोकल्यासारखी भुंकणारी हाक, गरुडाची सावली पडली की चिरकी, आखूड. बिबट्या दबा धरून शिकार करतो. एकदा सगळ्यांनी ओरडून त्याला "बघितलं तुला" म्हणून सांगितलं की तो मुकाट्याने निघून जातो. म्हणून बिबट्याला बघून ओरडायचं. माणसाचं तसं नाही. माणसाला आवाज ऐकू आला की तो आवाजाच्या दिशेने येतो. म्हणून रानातली वानरं माणसाला बघून ओरडत नाहीत, गप्प होतात आणि नाहीशी होतात. बाबांनी यावर बरंच लिहिलं होतं. या टोळीने मात्र ते सोडून दिलं होतं.

पुढे बाबांच्या फुप्फुसांनी दगा दिला. तिचा दादा येऊन त्यांना शहरात आपल्या घरी घेऊन गेला. ते दर रविवारी फोन करायचे. दादा एकदा हसत म्हणाला, "आधी थोरलीची खुशाली विचारतात, मग तुझी. मी समोरच असतो, त्यामुळे माझा नंबरच लागत नाही."

डोंगराच्या पलीकडे दगडाची खाण सुरू झाली तेव्हा केंद्रातून फक्त सुरुंगाचे आवाज ऐकू यायचे. मग रस्ता झाला, आणि रस्त्याच्या कडेने कामगारांचे तंबू. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरदार दिसेनासा झाला. नर असे जातातही, दुसऱ्या टोळीत, म्हणून तिने मनावर घेतलं नाही. पण मग फेंगडी गेली. म्हाताऱ्या माद्या टोळी सोडून कुठे जात नाहीत.

"बिबट्याने नेली असेल," ती म्हणाली.

टोळी जिथे झोपायची त्या झाडाच्या सालीवरून मामा बराच वेळ हात फिरवत राहिले. मग नखाने उकरून त्यांनी शिशाचा एक छर्रा तिच्या हातावर ठेवला.

त्या आठवड्यात वनरक्षकाने एका माणसाला धरून आणलं. त्या सगळ्या भागाला तो एकच वनरक्षक होता आणि त्याची चौकी लांब, म्हणून गाडी येईपर्यंत त्याने त्या माणसाला केंद्राच्या पडवीत बसवलं. बारीक अंगाचा, खाणीच्या धुळीने भुरा झालेला माणूस. शेजारी ठासणीची बंदूक आणि एक गोणपाट. गोणपाटातून शेपूट बाहेर आली होती. तिने गोणपाटाचं तोंड उघडून बघितलं. कान फाटलेला होता.

ती आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्या माणसासमोर ठेवला. आपण असं का केलं ते तिचं तिलाही कळलं नाही. बहुधा हाताला काहीतरी काम हवं होतं.

"हीच का मारलीत?" तिने विचारलं. "पलीकडे एवढं रान पडलंय."

"खोटं कशाला बोलू, बाई," तो पाणी पिऊन म्हणाला. "पलीकडची हाताला लागत नाहीत. आपली चाहूल लागली की अशी दडतात की झाडच रिकामं वाटतं. इथली वेगळी आहेत. मी खाली बसून बंदूक ठासतो आणि ही वरून बघत बसतात. पहिल्यांदा तर मलाच भीती वाटली. म्हटलं, यांना रोगबिग झालाय की काय. खावं की नाही खावं."

"मग?"

"मग खाल्लं. काही झालं नाही."

त्याच्या बोलण्यात ना उर्मटपणा होता ना लाज. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. वनरक्षकाने त्याला गप्प बसायला सांगितलं. ती पडवीच्या खांबाला टेकून उभी राहिली. बिबट्याने फेंगडीला नेलं असतं तर ती रडून मोकळी झाली असती. हे रडण्यासारखं नव्हतं.

वनखात्याच्या कचेरीत तिने हेलपाटे घातले. साहेब चांगले होते. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि माणसं वाढवायची शिफारस वर पाठवतो म्हणाले. वरून काही आलं नाही. खाणीत माणसं मात्र वाढत होती. दोन तरुण माद्या आणि एक पिल्लू गेलं, तेव्हा तिने शहराची बस पकडली.

दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर. खिडकीपाशी बाबांची खुर्ची, नाकात नळी, कोपऱ्यात प्राणवायूचं यंत्र घुरघुरत होतं. वहिनीने दार उघडलं, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तोंडाकडे बघूनच काय ते ओळखलं. "बस आधी. काहीतरी खा." पण तिने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पडवीतला माणूस काय म्हणाला ते अगदी त्याच्या शब्दांत.

बाबा ऐकत होते. त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यावर होते, ते हलले नाहीत.

"मग आता?" ते म्हणाले.

"त्यांना पळवून लावणार आहे. रोज. गलोलीने, फटाक्यांनी. माणूस दिसला की पळायला लागेपर्यंत."

"वेड लागलंय तुला."

"बाबा, ती बसून राहतात."

"ती तुला घाबरतील! तुला आणि मामांना. बंदूकवाल्याला कशाला घाबरतील? माणसामाणसांतला फरक कळतो त्यांना. हे मी तुला सांगायला हवं?"

"म्हणून तर खाणीतल्या लोकांसारखे कपडे घालणार. तोंड बांधून घेणार."

बाबांना खोकल्याची उबळ आली. वहिनी धावत आली, पाठीवरून हात फिरवत राहिली. उबळ ओसरल्यावर ते बराच वेळ डोळे मिटून होते. ती समोर उभीच.

"तू लहान होतीस," डोळे न उघडताच ते म्हणाले, "तेव्हापासून मी त्यांना एकच गोष्ट समजावतोय. भिऊ नका. आम्ही काही करत नाही. बस, एवढीच. दुसरं मी आयुष्यात काय केलंय?"

"मला माहितीये."

"आणि तू जाऊन सांगणार, म्हातारा खोटं बोलत होता."

दादा कामावरून आला तोवर बाबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. सकाळी निघताना ती त्यांच्या पाया पडली. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

मामांना सांगितल्यावर ते म्हणाले, "माझ्याच्याने नाही व्हायचं हे." आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. ती एकटीच निघाली. टेकाड चढेपर्यंत मागून त्यांच्या गुडघ्यांची करकर ऐकू आली. त्यांनीही तोंडाला फडकं गुंडाळलं होतं, खांद्याला गलोल अडकवली होती. "तुमचा नेम कसला लागतोय," ते म्हणाले. "नको तिथे लागायचा."

फटाका पहिल्यांदा वाजला तेव्हा टोळीने बिबट्याची हाक दिली. सगळ्या रानात ती खोकल्यासारखी भुंक घुमली. आपण इथे आहोत, आपण बघितलंय, हे सगळ्यांनी मिळून ओरडून सांगितलं. बंदुकीला नेमकं हेच हवं असतं. तोंडाला फडकं बांधून ती खाली उभी होती आणि मनात म्हणत होती, ओरडू नका गं, गप्प बसा, गप्प बसा.

मातीच्या गोळ्यांनी त्यांना इजा होत नव्हती, पण लागायचं. लहान पिल्लं आयांच्या पोटाला चिकटायची. रोज सकाळी ते दोघे जात, ओरडत, डबे बडवत, टोळी नजरेआड होईपर्यंत मागे लागत, आणि परत येऊन एकमेकांशी न बोलता जेवत. मामांनी विड्या वाढवल्या. ती अंघोळीला बसली की बराच वेळ नुसतं पाणी ओतून घेई.

हळूहळू टोळी लांब राहायला लागली. आधी ओरडून पळायची, मग कमी ओरडून. थोरली मात्र पळत नव्हती. कपडे बदला, तोंड बांधा, ती चालण्यावरूनच ओळखत असावी. बाकीची निघून गेली तरी ती फांदीवर बसून खाली बघत राहायची. पोटाला तिच्या मेलेल्या मुलीचं पिल्लू.

एका सकाळी मामांनी थोरलीच्या मांडीवर मातीची गोळी मारली. ती किंचाळली, दोन फांद्या वर गेली आणि थांबली. मग ती खाली उतरायला लागली. इतकी खाली आली की तिच्या पापण्या दिसत होत्या. जमिनीपासून माणसाच्या उंचीवर असलेल्या एका आडव्या फांदीवर ती आली, वळली, आणि त्या दोघांकडे पाठ करून बसली. मान खाली घातली.

मामांनी बाईकडे बघितलं. "ही काय करतेय?"

तिला ते ठाऊक होतं. शेकडो वेळा तिने ते लिहून घेतलं होतं. टोळीत भांडण झालं, एकाने दुसऱ्याला मारलं, की थोड्या वेळाने दुबळं असेल ते जवळ येतं आणि पाठ करून बसतं. मारणाऱ्याने त्या पाठीतल्या उवा वेचायच्या. झालं गेलं मिटलं.

"तडजोड," ती म्हणाली. "मिटवायला आलीये."

मामांनी गलोल खाली टाकली. ती तिने उचलली. गोळी लावली, रबर ताणलं. करड्या पाठीवर केस मधोमध दुभंगले होते, तिथे कातडी गुलाबी दिसत होती. इतक्या जवळून नेम चुकण्याचा प्रश्नच नव्हता.

थोरली पुन्हा कधी खाली आली नाही. तीही आता बाकीच्यांबरोबर निघायची. फक्त मागे राहायची. वय झालं होतं, आणि पोटाला पिल्लू होतं.

पुढे एकदा सकाळी पडवीत चहा चालू असताना टेकाडाच्या बाजूने बंदुकीचा आवाज आला. दोघे धावले. मामा निम्म्या वाटेत मागे पडले. ती पोचली तेव्हा झाडाखाली कुणी नव्हतं. पानांवर रक्त होतं, पाला तुडवलेला होता, कुणीतरी ओझं उचलून घाईने उतारावरून गेल्याची वाट पडली होती. तिने वर बघितलं. टोळी इथेच कुठेतरी असणार. पण एक हाक नाही, एक पान हललेलं नाही. झाड रिकामं वाटत होतं.

त्या रविवारी फोन तिनेच लावला. दादाने तो बाबांच्या कानाला धरला. ती शहरातून परतल्यापासून ते तिच्याशी बोलले नव्हते. यंत्राची घुरघुर ऐकू येत होती.

"पळाली?" बाबांनी विचारलं.

"हो."

"ओरडून?"

"नाही. आवाज न करता. मी खाली उभी होते, तरी दिसली नाहीत."

"मग शिकली." ते थांबून श्वास घेत राहिले. "थोरली?"

"तीही," ती म्हणाली. "तीही पळाली."

"ती पळायची नाही गं," बाबा म्हणाले. "मला माहितीये ती." आणि मग दादाला, "घे हा फोन."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. सगळं आवरल्यावर वहिनीने तिला इथेच राहायचा आग्रह केला. दादानेही केला. एका कॉलेजात जागा होती, तिने ती घेतली. जी वानरं दिसतच नाहीत त्यांच्या अभ्यासाला कोण कशाला मदत देईल? त्या खोल्या वनखात्याने चौकीसाठी मागितल्या, म्हणून सामान आणायला ती शेवटची केंद्रावर गेली. खाटा, पेट्या, बाबांची मोडकी खुर्ची टेम्पोत चढली. टेम्पोवाला घाई करत होता.

"एक चक्कर मारून येते," ती म्हणाली. मामा सोबत निघाले.

मोठा रानउंबर फळांनी लगडला होता. पूर्वी अशा वेळी टोळी दिवसच्या दिवस तिथे मुक्काम ठोकायची. आज वर एक धनेश पक्षी होता, तोही त्यांना बघून उडाला. झाडाखाली अर्धवट खाल्लेल्या फळांचा सडा पडला होता. तिने एक उचललं. खारीचे दात बारीक असतात. हे रुंद होते. फळ अजून ओलं होतं.

"आपलीच?" मामांनी हळूच विचारलं.

"सांगता येत नाही. पलीकडची टोळीही इकडे आली असेल. जागा रिकामी झाली की येतात."

"वर असतील?"

"असतील."

दोघेही वर बघत होते. पानांच्या थरांवर थर, मध्ये उन्हाच्या फटी. मामांचे गुडघे दुखत असावेत. ते सवयीने तिथल्या मुळीवर टेकायला गेले.

"बसू नका, मामा."

"घटकाभर. आता कुठे परत येणार आहोत आपण?"

"घटकाभरसुद्धा नको. त्यांना वाटेल, आता काही भीती नाही."

मामा मुळीला हात लावून तसेच वाकून उभे राहिले, मग सरळ झाले. तिने खाली बघून एक दगड शोधला. हाताच्या मुठीएवढा, चिखलाने माखलेला. नेम न धरता तिने तो वर भिरकावला आणि घसा फाटेस्तोवर ओरडली. दगड फांद्यांवर आपटत खाली आला, आणि त्यासोबत चारदोन उंबरं.

खालून टेम्पोचा हॉर्न वाजला. मामा तोवर उतारावरून निघालेही होते. तिने हाताचा चिखल पदराला पुसला आणि त्यांच्या मागून चालू लागली.